टायमिंग बेल्टसोबत आणखी काय बदलायचं? जुन्या टी४ कॅम्परच्या निमित्ताने

इंग्लंडात रेडिंगला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: १९९९ सालची फोक्सवॅगन टी४ व्हॅन घेतली आहे. इंजिन २.५ लिटरचं टीडीआय, म्हणजे डिझेल, १०२ अश्वशक्तीचं. आधीच्या मालकाने तिची कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, करून घेतली होती. एकूण १,४८,००० मैल झालेत. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून (क्रँक) व्हॉल्व्ह उघडणारा दांडा (कॅमशाफ्ट) ठरल्या वेळी फिरवणारा दातेरी पट्टा, सहा वर्षांपूर्वी बदलल्याची पावती आहे आणि त्यानंतर गाडी जेमतेम १९,००० मैल फिरली. मे महिन्यात मुलांना घेऊन स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याची फेरी करायची आहे. गॅरेजवाल्याने तीन आकडे दिले: एक नुसत्या बेल्टचा; दुसरा बेल्ट, रोलर आणि वॉटर पंप यांचा; तिसरा ‘सगळंच’ बदलण्याचा. तिसरा आकडा पहिल्याच्या अडीचपट आहे. ओळखीचा दुसरा मेकॅनिक म्हणतो, १९,००० मैलांत बेल्टला काही होत नाही, उगाच खर्च करू नका. कोणाचं ऐकावं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. बेल्ट आत्ताच बदला, स्कॉटलंडहून आल्यावर नको. दुसरा आकडा घ्या, पण त्यात तीन गोष्टी वाढवून घ्या: डिझेल पंपाचा मागचा बेल्ट, बेल्टच्या वाटेवरची ऑइल सील आणि नवा क्रँक बोल्ट. तिसऱ्या आकड्यातल्या उरलेल्या बऱ्याच गोष्टी सध्या राहू द्या.

आता तो मैलांचा मुद्दा. मी पुण्यात शिकलो तेव्हा हाताखाली टेम्पो ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर असायच्या. बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेलं ते इंजिन, त्यात टायमिंगला चेन. चेन सैल झाली की वाजते. सकाळी गाडी चालू करताच खडखड ऐकू येते, मालक कुरकुरत का होईना गाडी घेऊन येतो. बेल्टचं तसं नाही. तो काही बोलत नाही. काल ठणठणीत चाललेली गाडी आज हायवेवर बंद पडते, आणि तोपर्यंत व्हॉल्व्ह वाकलेले असतात. टी४ च्या या पाच सिलिंडरच्या इंजिनात एकूण दहा व्हॉल्व्ह आहेत आणि पिस्टन वर आल्यावर उघड्या व्हॉल्व्हला जागा उरत नाही. बेल्ट तुटला किंवा चार दात सरकला की हेड खोलावंच लागतं.

रोज चालणाऱ्या टॅक्सीच्या बेल्टचं आयुष्य मैलांत मोजलेलं ठीक. कॅम्परचं वर्षांत मोजायचं. ही गाडी ऑक्टोबर ते मार्च अंगणात ओलाव्यात उभी असते. बेल्ट एकाच जागी वळलेला राहतो. रबर वाळतं. रोलरच्या बेअरिंगमधलं ग्रीस एका बाजूला बसून घट्ट होतं. वॉटर पंपाचं सील कोरडं पडतं. मग एका सकाळी आपण तिच्यात चार माणसं, पाण्याच्या टाक्या, गॅस, सायकली भरतो आणि थेट डोंगराकडे काढतो. सहा महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवून सिंहगड चढायला लावण्यासारखंच ते. म्हणून कॅम्परला मी पाच वर्षांपुढे कधी जाऊ देत नाही, मैल कितीही कमी असोत. तुमची सहा झाली आहेत.

काय बदलायचं हे ठरवताना मी प्रत्येक भागाबद्दल दोनच प्रश्न विचारतो. हा भाग नंतर गेला तर त्याच्यापर्यंत पोचायला पुन्हा हेच सगळं खोलावं लागेल का? आणि हा गेला तर बेल्टला सोबत घेऊन जाईल का? दोन्हींना ‘हो’ असेल तर भाग नवा दिसत असला तरी बदलायचा. दोन्हींना ‘नाही’ असेल तर जुना दिसत असला तरी राहू द्यायचा. ‘भाग खराब आहे का?’ हा प्रश्न मी शेवटी विचारतो, कारण बेअरिंग हातात फिरवून ते आणखी पाच वर्षं टिकेल का हे मला सांगता येत नाही. कोणालाच येत नाही.

या कसोटीवर नुसत्या बेल्टचा पहिला आकडा लगेच बाद होतो. बेल्ट स्वतःहून क्वचित तुटतो. त्याच्या वाटेवरचा रोलर अडकतो, टेन्शनर सैल पडतो, पंपाचं बेअरिंग डुलतं, आणि मग बेल्ट कडेने घासून किंवा दात सोलून जातो. जुन्या रोलरवर नवा बेल्ट चढवणं म्हणजे कुजलेल्या खांबाला नवा दोर बांधणं. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा रोलर) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारा रोलर) बेल्टच्या किटमध्येच येतात. किट घेताना मूळ कारखान्यांना माल पुरवणाऱ्यांपैकी कुणाचं तरी घ्या: आयएनए, गेट्स, कॉन्टीटेक, एसकेएफ. इथे पाच-दहा पौंड वाचवायला जाऊ नका. खोक्यातून काढताना बेल्ट मुठीत दुमडलेला किंवा उलटा पिळलेला दिसला तर तो घेऊ नका. आत काचतंतूंचे दोरे असतात, एकदा मोडले की वरून काही दिसत नाही.

वॉटर पंपाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथे मी स्वतः चुकलो आहे. १४-१५ वर्षांपूर्वी एक वयस्कर जोडपं त्यांची टी४ घेऊन आलं होतं. पैशांची ओढाताण दिसत होती. पंप हाताने फिरवून पाहिला, गुळगुळीत फिरला, गळतीचा डाग नव्हता. मी म्हटलं, राहू द्या, एवढे पैसे वाचवा. अकरा महिन्यांनी फोन आला तो वेल्समधून. पंपाच्या सीलमधून कूलंट झिरपत होतं, ते बेल्टवर उडत होतं आणि वरचं कव्हर उघडून पाहेपर्यंत कोणाला कळलं नव्हतं. बेल्ट तुटला नाही, नशीब. पण पंपासाठी तेच सगळं पुन्हा खोललं, आणि भिजलेला बेल्ट अकरा महिन्यांचा असूनही टाकावा लागला. मजुरी मी घेतली नाही, पण त्यांची सुट्टी गेली ती गेलीच. या इंजिनात पुढचा टायमिंग बेल्टच वॉटर पंप फिरवतो. पंप बेल्टच्या वाटेवर आहे, गळला तर बेल्टवर गळतो आणि अडकला तर बेल्ट तोडतो. त्या दिवसापासून बेल्ट उतरला की पंप नवा, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. जुना पंप कितीही गुळगुळीत फिरो.

पंप निघाला की कूलंट निघतंच. मग थर्मोस्टॅट बदलून टाका, त्याला वेगळी मजुरी जवळपास लागत नाही. कूलंट भरताना मात्र काळजी घ्या. या काळातल्या टी४ मध्ये लाल जी-१२ यायचं. आधीच्या मालकाने त्यात निळं-हिरवं जी-११ ओतलं असेल तर दोन्ही मिळून तपकिरी गाळ होतो आणि तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. टाकीचं झाकण उघडून रंग पाहा. तपकिरी दिसला तर स्वच्छ पाणी येईपर्यंत पूर्ण धुवून घ्यायला सांगा आणि मग जांभळं जी-१२ प्लस भरा, ते दोन्हींशी जुळतं. कॅम्परमध्ये मागच्या हीटरकडे जाणाऱ्या लांब नळ्या असतील तर हवा काढायला वेळ लागतो. ती नीट काढली नाही तर पहिल्याच चढावर तापमानाची सुई वर जाते.

आता मागचा बेल्ट. तुमच्या तिन्ही आकड्यांत त्याचा उल्लेख नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. २.५ टीडीआयला दोन दातेरी बेल्ट असतात. एक पुढे, म्हणजे इंजिन आडवं बसवलेलं असल्यामुळे गाडीच्या उजव्या बाजूला. तो क्रँकवरून कॅमशाफ्ट आणि वॉटर पंप फिरवतो. दुसरा कॅमशाफ्टच्या दुसऱ्या टोकाला, गिअरबॉक्सच्या वर. तो डिझेल पंप फिरवतो. ज्यांच्या हाताखालून फक्त चार सिलिंडरची टीडीआय इंजिनं गेली आहेत त्यांना हा दुसरा बेल्ट माहीतच नसतो, कारण तिथे एकच बेल्ट सगळी कामं करतो. माझ्याकडे अशा गाड्या आल्या आहेत ज्यांच्या पुढच्या बेल्टच्या तीन-तीन पावत्या होत्या आणि मागचा बेल्ट कारखान्यातून आलेला. तुमची सहा वर्षांपूर्वीची पावती पुन्हा नीट वाचा. त्यात ‘डिझेल पंपाचा बेल्ट’ असं वेगळं लिहिलेलं नसेल तर तो बदललेला नाही असंच धरून चला.

हा मागचा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकत नाहीत, हे खरं. डिझेल बंद होतं, इंजिन शांतपणे थांबतं. पण एकेरी रस्त्यावर, मागे गाड्यांची रांग आणि गाडीत मुलं असताना ती ‘शांतता’ कशी असते याचा विचार करा. शिवाय तो तुटण्याआधी ताणला जातो किंवा दात सोडतो, आणि पंपाची वेळ सरकते. थंडीत सुरू करताना पांढरा धूर, अंगात जोर नाही, डिझेल जास्त खाते. लोक मग इंजेक्टर बदलत बसतात.

मागचा बेल्ट बदलणं म्हणजे नुसता जुना काढून नवा चढवणं नव्हे. कॅमशाफ्ट आणि पंप दोन्ही त्यांच्या ठरलेल्या जागी पिन-पट्टी लावून पक्के करावे लागतात, आणि फ्लायव्हीलवरची खूण गिअरबॉक्सच्या खिडकीतून पाहून पहिला सिलिंडर नेमका वर आणावा लागतो. पांढऱ्या रंगाने जुन्या जागेवर खुणा करून नवा बेल्ट चढवणारे असतात. जुना बेल्ट ताणलेला असेल तर त्या खुणा मुळातच चुकलेल्या असतात. काम झाल्यावर इंजिन गरम करून लॅपटॉप जोडायचा आणि पंपाची वेळ मोजून पंप बारीक सरकवायचा. गॅरेजवाल्याला एवढंच विचारा: ‘पंपाची वेळ कशावर तपासणार?’ त्याच्याकडे व्हीसीडीएस किंवा तसं सॉफ्टवेअर असेल तर तो लगेच सांगेल. ‘आवाजावरून कळतं’ असं म्हणाला तर गाडी दुसरीकडे न्या. माझा कान बऱ्यापैकी तयार आहे, तरी मी आवाजावर सोडत नाही.

मागे हात गेलाच आहे तर डिझेल पंप ओला आहे का, तेही पाहून घ्या. या वयात या पंपांची सील वाळतात आणि डिझेल झिरपतं. झिरपणारं डिझेल नव्या बेल्टवर पडलं तर बेल्टचं रबर मऊ होऊन फुगतं. पंप कोरडा असेल तर त्याला हात लावू नका. ओला असेल तर आधी सील, मग बेल्ट.

इथूनच ऑइल सीलचा मुद्दा येतो. कॅमशाफ्टचं पुढचं सील, मागचं सील आणि क्रँकचं पुढचं सील, ही तीन. किंमत किरकोळ आहे, पण प्रत्येक सील बेल्टच्या पुलीच्या मागे लपलेलं असतं. या इंजिनात ऑइल पंप क्रँकच्या पुढच्या टोकाभोवतीच बसतो आणि क्रँकचं सील त्याच्याच घरात असतं. ते गळायला लागलं की तेल सरळ बेल्टवर. तिन्ही बदलावीत असं मी सांगेन, फक्त एका अटीवर: ज्याने अशी सील आधी बसवली आहेत त्यानेच बसवावीत. आतलं सील स्क्रू-ड्रायव्हरने उचकटताना शाफ्टवर ओरखडा उठला तर नवं सील पहिल्या दिवसापासून गळतं. काही सील टेफ्लॉनची येतात, ती तेल न लावता कोरडीच बसवायची आणि काही तास इंजिन फिरवायचं नाही. हे माहीत नसलेल्याने ती तेल लावून बसवली की गळतीची सोय आपणच करून दिली. गॅरेजवाला इथे चाचरत असेल आणि तिन्ही सील खडखडीत कोरडी असतील, तर ती तशीच राहू देणं जास्त शहाणपणाचं. नियमाला हा एवढा अपवाद मी मान्य करतो.

क्रँकचा मोठा बोल्ट नवाच हवा. तो कसताना कायमचा ताणला जातो, दुसऱ्यांदा तोच ताण धरत नाही. पुली सैल झाली तर क्रँकचं टोकच खराब होतं, आणि त्या खर्चात आणखी एक जुनी टी४ आली असती. किती जोराने कसायचा हे इंजिनाच्या कोडवर आणि सालावर अवलंबून असतं, म्हणून कोणाच्या आठवणीवर विसंबू नका. तुमचं १९९९ चं १०२ अश्वशक्तीचं इंजिन बहुधा एसीव्ही कोडचं असेल. गाडीच्या माहितीच्या स्टिकरवर बघून खात्री करा आणि किटही त्याच कोडवर मागवा.

क्रँकच्या पुढे जी जड पुली असते तिचं दुसरं काम कंपन शोषण्याचं आहे. पाच सिलिंडरच्या इंजिनात हे काम फार महत्त्वाचं. ती काढली की हातात घेऊन बघायला सांगा. तडा, फुगवटा, आतून गळल्याचा डाग, यांपैकी काहीही असेल तर बदला. स्वच्छ असेल तर तीच परत लावा. ती महाग असते.

बाहेरचा अल्टरनेटरचा बेल्ट मात्र न बघताच नवा घाला. तो स्वस्त आहे, काम करताना उतरवावाच लागतो. आणि त्याचं एक दुखणं लोकांना माहीत नसतं: तो फाटला की त्याच्या चिंध्या क्रँक पुलीच्या मागून टायमिंग कव्हरमध्ये ओढल्या जाऊ शकतात. आतल्या नव्याकोऱ्या बेल्टखाली एक चिंधी गेली की तो दात उडवतो. बाहेरच्या जुन्या बेल्टने आतलं इंजिन घालवलेलं मी पाहिलं आहे.

तिसऱ्या आकड्यातलं बाकीचं म्हणजे इंजिनाची माउंटिंग, रेडिएटर, वरचे-खालचे होज, अल्टरनेटर, ग्लो प्लग, इंजेक्टरचे नोझल. यातलं काहीही बेल्टच्या वाटेत येत नाही आणि काहीही नंतर एकेकटं बदलता येतं. समोरचं पॅनेल पुढे सरकवून काम करत असतील तर रेडिएटर आणि होज हाताशी येतात, तेव्हा होज दाबून बघायला सांगा. टोकाशी फुगलेला किंवा दाबल्यावर करकर वाजणारा असेल तेवढाच बदला. माउंटिंग तडकलेली असली तर गाडी थांबलेली असताना स्टिअरिंग थरथरतं. तसं होत नसेल तर ती चालतील. वाचलेले पैसे टायर आणि ब्रेकच्या होजकडे वळवा. कॅम्परचे टायर नक्षीने नवे आणि वयाने म्हातारे असतात, आणि भरलेल्या गाडीला उतारावर त्यांचाच आधार असतो.

एक विनंती गॅरेजवाल्याला आधीच सांगून ठेवा: काढलेले सगळे भाग खोक्यात घालून परत द्या. यात संशय काही नाही, चांगले मेकॅनिक स्वतःहून देतात. जुना बेल्ट घरी आणून उजेडात उलटा वाकवून पाहा, बुडाशी बारीक तडे दिसतील. जुन्या पंपाच्या गळतीच्या छिद्राजवळ पांढरट किंवा लालसर सुकलेला डाग आहे का तेही बघा. यातून पुढच्या खेपेला गाडीबद्दल अंदाज बांधता येतो. पावतीवर दोन्ही बेल्टची तारीख आणि मैल वेगवेगळे लिहून घ्या, कारण ही गाडी तुम्ही कधीतरी विकाल आणि घेणारा हाच प्रश्न विचारेल.

हे काम मेच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नका. मार्चअखेर करून घ्या आणि मधल्या काळात दोन-तीन शनिवार-रविवार गाडी जवळपास फिरवा, एकदा तरी पूर्ण भरून. पहिल्या शंभर मैलांनंतर सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी पाहा. हवा निघून गेल्यामुळे ती एकदा थोडी उतरेल, भरा. दुसऱ्यांदा उतरली तर गॅरेजला परत न्या. वरचं कव्हर काढून बॅटरीच्या उजेडात बेल्टची कड बघा, ती कोरडी हवी आणि पुलीच्या मधोमध चालायला हवी. उत्तर किनाऱ्याच्या त्या ५१६ मैलांच्या फेरीत ॲपलक्रॉसला जाताना बेलाख ना बा नावाची खिंड लागते. जवळजवळ समुद्रसपाटीपासून ६२६ मीटर चढायचं, रस्ता एका गाडीपुरता, वळणं आपल्या घाटांसारखी, आणि काही ठिकाणी चढ पाचास एक. रस्त्याच्या सुरुवातीलाच मोठ्या गाड्या आणि शिकाऊ चालकांना सावध करणारी पाटी आहे. मागे बाहेर आलेली सायकलींची फळी धरून तुमची लांबी किती होते ते आधी मोजा. दुसऱ्या गिअरमध्ये चढा, एसी बंद ठेवा, आणि सुई मध्याच्या वर सरकू लागली तर वाट न बघता हीटर पूर्ण उघडून पहिल्या रुंद जागी गाडी बाजूला घ्या.